अख्ख्या रावसाचा भाव पुसल्याची बखर

श्रीअन्नपूर्णा समर्थ, चूल साक्ष, जठर साक्ष. राज्यशक एकशें एक्केचाळीस, क्षुधानाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, दोनप्रहरीं थोरल्या भोजनशाळेंत जें वर्तमान जाहलें तें येणेंप्रमाणें.

पडद्यामागें बसणाऱ्या सरकारा, हें कृत्य तुमचें आहे, दुसऱ्या कोणावर ढकलूं नये. पापडास भाव लाविला, कांद्यास लाविला, लिंबाच्या फोडीसही लाविला, आणि जो जिन्नस घरधन्याचें कंबरडें मोडणारा, त्याचेपुढील जागा तेवढी कोरी ठेविली. विसरून ठेविली ऐसें म्हणाल तर तुमचे तोंडांत किडे पडोत. लिंबाची फोड ज्यास आठवते तो अख्खा मासा विसरत नाहीं. चोर येतो तो भिंत फोडितो, त्यास श्रम पडतात, अंगास माती लागते, कुत्रें मागें लागतें. तुम्ही लोडास टेकून, रयतेचें तोंड रयतेच्याच अब्रूनें शिवून घेतां आणि मग निवांत खिसा कापितां, आणि कापल्यावर बडीशेप देतां. ऐसे असोन थोर म्हणवितां. तरी आतां बसल्या जागीं ऐकावें. ऐकण्यास भाव नाहीं.

या राज्यांत थोरली भोजनशाळा म्हणोन स्थळ आहे. दाराशीं दोन पितळी हत्ती, आंत गार वारा, आणि प्रत्येक मेजावर जाड पुठ्ठ्याची याद, तींत डावे हातास पदार्थ आणि उजवे हातास भाव. परंतु दाराशीं एक काळा फळा, आणि त्यावर 'आजचा खास' ऐसें लिहून रोज एक जिन्नस मांडावा, त्यापुढें खडूनें मोर काढावा, मोरास पिसारा काढावा, भाव काढूं नये, हा सरकारचा शिरस्ता. आणि त्याहून मोठा शिरस्ता रयतेचा, कीं पुसूं नये. लढाईंत पाठ दाखविली त्यास या राज्यांत क्षमा होती, चुलत्यास विहिरींत लोटिलें त्यास प्रायश्चित्त होतें, परंतु भाव पुसला त्यास कांहींच नव्हतें, तो जन्माचा हलका. मग थोर थोर सरदार येते जाहले आणि फळ्यावरील जिन्नस मागवूं लागले, आणि कोणी पागा विकली, कोणी वतन घालविलें, परंतु मुखांतून 'केवढ्याला' हा शब्द निघूं दिला नाहीं, आणि त्यांचे पोवाडे जाहले. एक सरदार तर खास सरबत पिऊन गांव गमावून बसला. सरबत कशाचें होतें हें आजतागायत कोणास ठाऊक नाहीं, कारण तेंही त्यानें पुसलें नाहीं.

याच राज्यांत राजश्री भिवराव काकडे म्हणोन गृहस्थ होते. देवळांच्या घंटा ओतण्याचा कारखाना, माणूस सालस, कुणाच्या अध्यांत मध्यांत नाहीं. परंतु त्यांचे पाठीशीं एक काळें होतें. त्यांचे आजे रखमाजी हे पूर्वीं याच भोजनशाळेंत खास बासुंदीची वाटी ओठाशीं नेऊन मध्येंच थांबले आणि सहज बोलून गेले, "केवढ्याला हो?" झालें. उत्तर कोणी दिलें नाहीं, हांसले मात्र सगळे. त्या दिवसापासून काकडे हें आडनांव मागें पडलें आणि भावपुसे हें पडलें. दोघी लेकींच्या सोयरिकी आलेल्या मोडल्या, त्या तशाच राहिल्या. आजे म्हातारे जाहले, अंथरुणास खिळले, वैद्य औषध घेऊन आला, आणि वैद्यानें भाव सांगितला नाहीं, आणि पुसण्याची छाती आज्यांस उरली नव्हती, सबब "नको, आता बरं वाटतंय" ऐसें म्हणोन ते तोंड फिरवून निजले आणि उठले नाहींत. मग भिवरावांचे वडिलांनीं पेठ बदलिली, आडनांव पुनः काकडे लाविलें, आणि घरांत दंडक घातला कीं भाव हा शब्द उंबऱ्याच्या आंत उच्चारूं नये. भाजी घेणें तर वांग्याकडे बोट करावें आणि नाण्यांनीं भरलेला तळहात पुढें धरावा, माळीण घेईल तें घेईल. या दंडकानें माळिणी बहुत सुखी जाहल्या, त्यांच्या दारीं गवंडी-काम चाललें, वर माडी चढली, आणि कोणी भाजी घेऊन काकड्यांकडे आधीं जावें यावरून त्यांच्यांत झिंज्या धरणें होऊं लागलें.

आणि या दंडकांतच घात होता, तो ऐसा. भिवरावांची कन्या चिरंजीव तारामती, इजपासून पणजोबांची गोष्ट लपवावी म्हणोन तिजला भोजनशाळेचें दार दाखविलें नाहीं, आणि दार दाखविलें नाहीं सबब दारांतील रीतही सांगितली नाहीं. पोर मोकळ्या तोंडाची वाढली. जें पुसावें ऐसें वाटे तें पुसे. पाहुण्यांस "आपण कधी निघणार?" हेंही तिनें एकदां प्रेमानें पुसलें होतें.

पुढें राजश्री अमृतराव सरनाईक यांचे चिरंजीव रायाजी यांनीं टेकडीवरील देवळांत तारामतीस पाहिलें. घंटा टांगावयास कारखान्याचे लोक गेले होते, कोणास कडी सांपडेना, तों हीच शिडीवर चढली आणि कडी अडकवून घंटेखालीं डोकें घालून आवाज तपासूं लागली. रायाजीनीं तिथेंच मनांत गांठ बांधली, आणि तिनेंही खालीं उतरतां उतरतां एकदां मागें पाहिलें. बोलणीं जाहलीं, पत्रिका जमल्या. उरलें तें एकच. शेवटची बैठक मुलीकडील लोकांनीं जेवूं घालून करावी आणि स्थळ मुलाकडील लोकांनीं सांगावें, पुढें तेवढ्याच मोलाचें परतीचें जेवण घालावें, ही राज्याची रीत. स्थळ सांगण्याचें काम अमृतरावांची वडील बहीण, रायाजीची आत्याबाई, इनें घेतलें. थोरली भोजनशाळा ऐसें नांव तिचे मुखांतून निघालें आणि भिवरावांचे पोटांत घंटा वाजूं लागली ती वाजतच राहिली. सरनाईकांचें घराणें मोठें, निदान नांव तरी मोठें. भावपुसे ही खूण उघडी पडली तर हीही सोयरीक मोडते, आणि पोर आपल्या आत्यांसारखी तशीच राहते, हें त्यांस दिसत होतें.

मग नेमिल्या दिवशीं उभय पक्ष आले. इकडून भिवराव, त्यांची पत्नी सौभाग्यवती वेणूबाई आणि तारामती; तिकडून अमृतराव, आत्याबाई आणि रायाजी. स्थानापन्न जाहले. तों भोजनशाळेचा भालदार, खांद्यावर पांढरें वस्त्र आणि हातांत चांदीच्या मुठीची काठी, ऐसा येऊन ललकारी देता जाहला, "आजचा खास! कोळशावर भाजलेला अख्खा रावस, केळीच्या पानात बांधलेला, आत गुप्त मसाला, वर लोणी, सोबत लिंबू!" आणि लिंबू म्हणोन तो गप्प जाहला. त्या गप्पपणांत भिवरावांस दरी दिसली.

वेणूबाई मेजाखालून पाय मारून हळूच बोलिल्या, "अहो, आमटीभात सांगा. यादीत आहे. पुढं आकडाही आहे." तें आत्याबाईंचे कानीं गेलें नाहीं, परंतु नजर यादीकडे गेलेली त्यांनीं टिपली आणि बोलिल्या, "यादीतलं आमच्याकडं गडीमाणसं खातात. आम्ही फळ्यावरचं खातो. तुमच्याकडं कसं आहे?"

"आमच्याकडंही फळ्यावरचंच," भिवराव बोलिले, आणि मग त्यांनीं मोहीम मांडिली, कीं न पुसतां भाव काढावा. प्रथम उजवी फळी चालविली. "भालदार, रावस केवढा असतो?"

"अख्खा असतो, रावसाहेब."

"अख्खा, पण लहान की मोठा?"

"रावस आहे, रावसाहेब. आपल्या मनाएवढा."

ही फळी मोडली. मग डावी चालविली. समुद्र शांत असेल तर मासळी बहुत येते आणि बहुत आली तर उतरते, हें मनांत धरून पुसते जाहले, "समुद्र कसा आहे हल्ली?"

"मला काय कल्पना, रावसाहेब? मी घाटावरचा."

"पण कोळी लोक खुशीत आहेत ना?"

"एकाचं लग्न झालं परवा. बाकीच्यांचं ठाऊक नाही."

आत्याबाई बोलिल्या, "काकडे, तुम्हाला मासा खायचाय की पकडायला जायचंय?" तेव्हां भिवरावांनीं छाती काढिली आणि "आणा एक" ऐसा हुकूम केला. त्यावर अमृतरावांनीं मिशीस हात लाविला आणि बोलिले, "एकच? एकटा मासा ओशाळा दिसतो. दोन आणा." भिवराव बोलिले, "दोनाचं काय घेऊन बसलात! चार." अमृतराव बोलिले, "माणसं सहा आहेत." भिवराव बोलिले, "सहा तर आम्ही धरूनच चाललो होतो." येणेंप्रमाणें सहा रावसांचें रण माजलें आणि दोघे सेनापती आंतून पांढरे पडले. रायाजी तेवढा बोलिला, "मला आमटीभात चालेल," तर बापानें त्यास ऐसें पाहिलें कीं पुनः तो पाण्याशिवाय कांहीं बोलिला नाहीं.

मग भिवराव हात धुवून येतों म्हणोन उठले. मनांत ऐसें कीं मोरीजवळ गल्ला आहे, गल्ल्यावर कारभारी आहे, तेथें कोणी पाहत नाहीं, कानांत पुसावें आणि परतावें. मोरीचें दार लोटून जातात तों कारभाऱ्याचे कानाशीं आधींच एक पगडी वांकलेली. ती अमृतरावांची. हे कधीं उठून आले हें कळलेंच नव्हतें. पावलांची चाहूल लागतांच अमृतरावांनीं झटक्यानें दोन्ही हात नळाखालीं घातले.

"आपण इकडं कसे?" अमृतराव पुसते जाहले.

"हात. आपण?"

"हातच."

मग दोघेही व्याही हात धुवूं लागले. साबण लाविला, धुतला, पुनः लाविला. "पाणी बरं आहे," अमृतराव बोलिले. "गार आहे," भिवराव बोलिले. "गार पाण्यानं हात निघतो." "निघतो, पण एकदा धुवून नाही." आणि कोणीही आधीं जाईना, कारण जो मागें राहील त्यास पुसावयास सांपडेल, हें दोघांसही कळत होतें. बोटें सुरकुतलीं, साबणाची वडी नखाएवढी उरली. अखेर कारभारी बोलिला, "रावसाहेब, काही विचारायचंय का?" तेव्हां दोघेही एकदम "छे छे, भलतंच!" ऐसें ओरडले, आणि कांहीं तरी बोलावें म्हणोन अमृतरावांनीं बडीशेप मागितली, भिवरावांनींही मागितली, आणि पहिला घास जाण्यापूर्वींच दोघे मुखशुद्धि चावीत, खांद्यास खांदा लावून दारांतून निघाले ते चौकटींत अडकले. अडकले असतां भिवरावांस व्याह्यांचे कपाळावर घाम दिसला. तो घाम त्यांस ओळखीचा वाटला, परंतु विचार करण्यास सवड नव्हती, कारण आंत रावस आले होते.

सहा रावस सहा माणसांनीं आणिले, मागें एक लिंबू घेऊन सातवा. पानें सोडिलीं, वाफ निघाली, वास ऐसा कीं पलीकडील मेजावरील एक देशमुख डोळे मिटून बसला. परंतु भिवरावांस चव लागेना. पहिला घास घेतला तेव्हां मोठ्या घंटेचा सांचा गेला ऐसें वाटलें, दुसऱ्यास भट्टी गेली, तिसऱ्यास सौभाग्यवतीचे हातांतील गोठ. अमृतरावही ऐसे जेवत होते कीं जणूं स्वतःचेंच श्राद्ध. एकटी तारामती मन लावून खात होती. कांटे वेगळे करी, बोटें चाटी, आणि अखेर सुखाचा सुस्कारा टाकून बोलिली, "आई, काय सुरेख मासा आहे गं! अहो भालदारकाका, केवढ्याला हो हा?"

त्या क्षणीं काय जाहलें तें सांगावयास जीभ पुरत नाहीं. गार वारा थांबला. देशमुखाचे हातचा चमचा सुटला तो खालीं पडून आवाज करावयास भ्याला. एका पेन्शनर फौजदारास भोंवळ आली आणि भोंवळीमध्येंही तो "मी ऐकलं नाही, मी ऐकलं नाही" ऐसें म्हणत होता. दाराशींच्या पितळी हत्तींनीं सोंडा खालीं केल्या ऐसें कित्येक सांगतात. खरेंखोटें हत्ती जाणोत. भालदाराची काठी गळाली.

"ताई, काय म्हणालात?"

"भाव विचारला. केवढ्याला आहे?"

"पण तो फळ्यावर नाही ना, ताई."

"फळ्यावर नाही म्हणून तर विचारते, काका. असता तर वाचला नसता का?"

एवढी उघडी गोष्ट, परंतु शंभर वर्षांत या राज्यांतील कोणा शास्त्र्यापंडिताचे डोक्यांत ती आली नव्हती. भालदार खालीं वांकून काठी उचलूं लागला. तों आत्याबाई पदर खोंचून उठल्या. "भावपुसे! अगं बाई, भावपुसे हे! रखमाजी भावपुश्याचं रक्त! काकडे म्हणवून घेतात, आणि आमच्या पोराच्या गळ्यात भावपुश्याची पणती! अमृता, ऊठ. रायाजी, ऊठ. मोडली सोयरीक."

तारामती बापाकडे वळून पुसती जाहली, "आबा, भावपुसे म्हणजे काय?"

सारी भोजनशाळा भिवरावांकडे पाहूं लागली. तेव्हां अमृतरावांनींच वाट काढून दिली. हळू बोलिले, "लहान आहे पोर. थट्टेनं बोलली असेल. थट्टाच ना, काकडे?" एक हो म्हणावयाचा अवकाश, सोयरीक वांचत होती, आडनांव वांचत होतें, आणि हो भिवरावांचे ओठावर आलेंही होतें. परंतु मग पोरीनें उद्यां विचारावयाचें तें थट्टा म्हणोन विचारावें, परवां विचारूंच नये, आणि एक दिवस वैद्य दारांत उभा असतां तोंड फिरवून निजावें, ऐसें सगळें त्यांस एकदम दिसलें. आणि हो गिळून भिवराव उभे राहिले, आणि मेजास धरून बोलिले, "बाळ, तुझ्या पणजोबांनी इथंच बसून हेच विचारलं होतं. उत्तर कोणी दिलं नाही, नाव ठेवलं. ते नाव भावपुसे. मी लपवलं, चुकलो. भालदार, रखमाजी भावपुश्यांचा नातू विचारतोय. केवढ्याला?"

आत्याबाईंनीं भावाचें उपरणें ओढिलें. "अमृता, ऊठ म्हणते ना!"

अमृतराव उठले नाहींत. खालीं पाहून बोलिले, "आक्का, मी मघाशी हात धुवायला गेलो नव्हतो."

"मग काय करायला गेला होतास?"

"हेच विचारायला. जमलं नाही. बडीशेप घेऊन आलो."

रायाजी पाण्याचा पेला ठेवून मोठ्यानें बोलिला, "मलाही सांगा, केवढ्याला!" आणि मग पलीकडून देशमुख बोलिला, "आमच्याही पुढ्यात खास आहे, त्याचंही सांगा." खिडकीजवळील एक बाई बोलिल्या, "गेल्या साली खाल्लेल्याचं सांगाल का? हे अजून विचारतात, तोडे कुठं गेले म्हणून." आणि भोंवळ आलेला फौजदार डोळे न उघडतां बोलिला, "त्यांचं झालं की मलाही सांगा."

मग भालदार धांवला तो मुदपाकखान्यांत गेला. मुख्य आचारी बोलिला, "मी भाजतो. भाव भाजायला सांगितला तर तोही भाजीन, पण ठाऊक नाही." तेथून फळा लिहिणाराकडे गेला. तो बोलिला, "मला मोरासाठी ठेवलंय. आकडे मला येत नाहीत, म्हणूनच ठेवलंय." तेथून गल्ल्यावर गेला. कारभारी बोलिला, "भाव माणूस बघून ठरतो. न विचारणारा माणूस मला बघता येतो. विचारणारा माझ्या काळात आलाच नाही, त्याचं काय बघू?" तेव्हां भालदार पडद्याशीं गेला आणि जमिनीस डोकें लावून सरकारास वर्तमान सांगता जाहला. आंतून हुकूम आला, "पुसणारांस उठवा."

आतां शिपाई यावयाचे, तों वेणूबाई, ज्या आजवर चारचौघांत मोठ्यानें बोलल्या नव्हत्या, त्या बोलिल्या, "अहो, शेवटचा घास खाऊ नका! पानावरच्या माणसाला उठवत नाहीत!" आणि हें राज्याचें धर्मशास्त्र आहे. पानांत घास असतां माणूस उठविला तर उठविणाराची चूल विझते, मग तो सरकार असो कीं सरकारचा बाप. शब्द मेजोमेज गेला. जेवढे खास मागवून बसले होते त्यांनीं एक एक घास पानांत राखिला आणि हात मांडीवर ठेविले. शिपाई भोंवतीं उभे राहिले आणि पाहूं लागले कीं उठलेला कोण आहे, तर उठलेल्या एकट्या आत्याबाई. "आपलं आधी," शिपाई बोलिला. आत्याबाई मटकन बसल्या, भावाचे पानांतील एक घास आपल्या पानांत ओढिला आणि बोलिल्या, "कोण उठलंय रे मेल्या? पदर सावरत होते. आणि विचारलंय त्याचं उत्तर आण आधी."

मग सरकारनें वेढा घातला. ज्यास उठवतां येत नाहीं त्यास शेवटचा घास खावयास लावावा, ही मसलत ठरली. प्रथम लोणच्याच्या बरण्या उघडून नाकाखालून फिरविल्या. मग गरम भातावर तूप ओतून तो भात नुसता दाखवून नेला. मग ताकाचा हल्ला जाहला, हिंग-जिऱ्याची फोडणी घालून, तो मोठा कठीण गेला. देशमुखाचा हात आपसुक घासाकडे निघाला होता, शेजाऱ्यांनीं दोन्ही मनगटें धरून ठेविलीं आणि तो "सोडा रे, एवढाच, एवढाच" म्हणोन रडूं लागला. परंतु ठाणें पडलें नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं मुहूर्त होता. अमृतराव बोलिले, "उठायचं नाही, तर बसल्याबसल्या उरकू." मग मेजावरील पांढरें वस्त्र काढून अंतरपाट केला, मुदपाकखान्यांतून आचाऱ्यानें चोरून हळद-तांदूळ दिले, उपाध्येबोवा आले, आणि मुलीचे कुळाचें नांव काय घ्यावें ऐसें पुसते जाहले. भिवराव बोलिले, "भावपुसे घ्या. मोठ्यानं घ्या." अक्षता पडल्या. शिपायांनींही टाकिल्या, कारण लग्न तें लग्न. मग वधूवरांनीं परस्परांस घास देण्याची वेळ आली आणि सगळे पानाकडे पाहूं लागले, कारण पानांत एकच घास, तो भरविला कीं पान संपलें आणि शिपाई दोन पावलें पुढें आलेच होते. रायाजीनें घास तिच्या ओठाशीं नेला, तिनें वास घेतला आणि हांसून तो परत पानांत ठेवविला. आणि नांव घे म्हणतां तारामतीनें नांव घेतलें:

फळ्यावरती मोर काढला, मोरापुढं नाही भाव,
रायाजीरावांचं नाव घेते, उत्तराचा लागू द्या ठाव.

तेव्हां आत्याबाईंनीं डोळ्यांस पदर लाविला आणि शिपायाचे अंगावर ओरडल्या, "बघतोस काय? पोरीनं नाव घेतलं, तुझ्या सरकारनं काय घेतलं?"

त्याच दिवशीं दोनप्रहरीं सरकारनें हार मानिली ऐसें वाटलें. चांदीच्या तबकांत बडीशेप आणि तीवर हिशेबाची फर्द, ऐसें भिवरावांचे पुढें आलें. भिवरावांनीं ती उभें राहून नव्हे, बसूनच मोठ्यानें वाचिली. पापड, त्यापुढें आंकडा. कांदा, आंकडा. लिंबू, आंकडा. अख्खा रावस नग सहा, त्यापुढें, आकाराप्रमाणें. आणि खालीं एक नवी ओळ. प्रश्न नग एक, त्यापुढें, आकाराप्रमाणें.

मग भिवराव हांसूं लागले. जन्मांत ते ऐसे हांसले नव्हते. अमृतराव हांसले, वेणूबाई हांसल्या, मेजामागून मेज हांसलें, आणि याच भोजनशाळेंत आज्यांवर जें हांसणें पडलें होतें त्याहून हें मोठें जाहलें, आणि तें पडद्याकडे तोंड करून होतें. मग भिवरावांनीं फर्द उलटी करून तबकांत ठेविली आणि बोलिले, "भालदार, परत ने. कोऱ्या जागा भरून आण. तोवर आम्ही जेवतोय."

सारांश, मासा सुरेख होता, सोयरीक जाहली, भावपुसे हें आडनांव आतां चारचौघांत सांगतात आणि कित्येक जण नव्यानें लावूं लागले आहेत, आणि फर्द अद्याप परत आली नाहीं. सरकारा, रावस केवढा होता तें आम्हांस ठाऊक आहे, कांटा पानांत आहे, येऊन मोजावा. परंतु प्रश्नाचा आकार तुम्ही कोणत्या गजानें घेतला? भिणारास तो डोंगराएवढा दाखविलात आणि विचारला तेव्हां एका पोरीच्या सुस्काऱ्याएवढा निघाला, तर भाव कोणत्या आकाराचा लावणार? पडद्याआड खोकूं नका, खोकला ऐकूं येतो. मोर पुरे. घास पानांत आहे आणि माणसें पानावर आहेत. एका शब्दांत सांगा, आतां सांगा, केवढ्याला?